व्हरांड्यातली शेगडी

५ जानेवारी, रविवार

घराचं काम काढायचं ठरलं. घर पाहावं बांधून, म्हणतात. बांधायचं काम वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, करून ठेवलंय, आपल्या वाट्याला नुसती डागडुजी. तरी तिची दैनंदिनी ठेवणार आहे. विमा कंपनीत एस्टॅब्लिशमेंट सेक्शन सांभाळलेल्या माणसाला एका घराचं नियोजन जड जाऊ नये.

तात्या गिरगावातली खोली सोडून इथे भाईंदरच्या खारी गावात आले, तेव्हा घराच्या मागे मिठागरं होती. नातेवाईक म्हणाले, हा माणूस वनवासाला निघाला. आता चारी बाजूंनी टॉवर आहेत आणि मधोमध आमचं बैठं घर. बाहेरचा गिलावा सुटून पडतोय. स्वयंपाकघराच्या ओट्याला मधोमध तडा गेलाय आणि शैला त्या तड्यात गेली काही वर्षं पीठ कालवून भरते आहे.

तिला विचारलं, "स्वयंपाकघर कसं हवं तुला?"

ती म्हणाली, "उजेड हवा."

लगेच लिहून घेतलं: एलईडी दिवे, भरपूर.

१२ जानेवारी, रविवार

कॉन्ट्रॅक्टर आला. नाव चंदन. मूळचा गोरखपूरकडचा, पण मराठी बोलायची हौस आहे. "अंकल, टेन्शन नका घेऊ, एकदम मक्खन होणार," म्हणाला. लोण्याचं घर मला नको आहे, पण उत्साह बरा वाटला.

आमच्या मुलाने, जितेंद्रने, पुण्याहून मोबाइलवर नकाशा पाठवला होता, तो मी सगळ्यांना समजावून सांगितला. मागचं स्वयंपाकघर पूर्ण नवं. त्याची खिडकी बुजवायची. बाहेर आता मिठागर थोडंच आहे? टॉवरची भिंत आणि तिच्यावरचे पाइप. तिथे उंच कपाट येईल. चिमणी, दिवे, आपोआप मिटणारे ड्रॉवर. घराला बाहेरून नवा गिलावा, रंग आणि शेवटी समोरचा व्हरांडा स्लायडिंगच्या काचा लावून बंद. गल्लीतल्या सगळ्यांनी बंद करून घेतलाय.

शैला म्हणाली, "व्हरांडा बंद करायलाच हवा का?"

मी तिला कारणं सांगितली: धूळ, मांजरं, भुरटे चोर. ती म्हणाली, "बरं." बायको समजूतदार असली की नियोजन सोपं जातं.

१८ जानेवारी, शनिवार

तोडफोड सुरू. घरात घणाचे आवाज आणि पांढरी धूळ. चहात धूळ, पोह्यांत धूळ.

काम होईपर्यंत शेगडी व्हरांड्यात हलवली आहे. एक लोखंडी टेबल, खाली सिलिंडर, बाजूला पाण्याचं पिंप, भांड्यांसाठी जुनी पुस्तकांची मांडणी. समोरच गल्ली. येणारेजाणारे बघत जातात. मला फार लाज वाटली. या वयात बायकोवर रस्त्यावर स्वयंपाक करायची वेळ आणली. तिला म्हटलं, थोडे दिवस कळ काढ. ती फोडणी देत होती, म्हणाली, "काढीन हो."

बिचारी.

२५ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांनी डिसेंबरात शैलाला ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. गेली काही वर्षं तिचं काहीतरी बिनसलं होतं. दुखत-खुपत काही नव्हतं. बोलणं मात्र कमी झालं होतं. विचारलं तेवढंच उत्तर. मी म्हणायचो, वयानुसार माणूस गंभीर होतं. मला शांतता आवडते, त्यामुळे तक्रार केली नाही.

गोळ्यांचा गुण आता दिसतोय. आज सकाळी आंघोळीत होतो तेव्हा बाहेरून हसण्याचा आवाज आला. वाटलं नीलमबेन असतील, समोरच्या टॉवरमध्ये तळमजल्यावर राहतात त्या. टॉवेल गुंडाळून डोकावलो तर शैला हसत होती. पोट धरून. तारोडीहून मासे घेऊन येणारी फिलोमिना व्हरांड्याच्या पायरीवर पाटी उतरवून बसली होती आणि मला टॉवेलात पाहून त्या दोघी आणखी हसायला लागल्या.

डॉक्टरांना फोन करून आभार मानले पाहिजेत.

१ फेब्रुवारी, शनिवार

टाइल्स आणायला मीरा रोडला गेलो. पहिल्या दुकानात शैला म्हणाली रंग फिका आहे. दुसऱ्या दुकानात म्हणाली गडद आहे. तिसऱ्या दुकानदाराने चहा पाजला, शंभरेक टाइल्स काढून दाखवल्या, तरी तिचं मन भरेना. लुगडं घेतानासुद्धा कधी दुसरं दुकान न बघणारी बाई! पण मला अभिमान वाटला. घराच्या बाबतीत चोखंदळ असावं.

शेवटी टाइल्स न घेताच रिक्षाने परत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज परत टाइल्स. परत रिकाम्या हाताने.

१६ फेब्रुवारी, रविवार

टाइल्स एकदाच्या आल्या. मीच पसंत केल्या.

पण चंदन बहिणीच्या लग्नाला गावी गेला आहे. मी म्हणत होतो की ओटा घालून जा. शैलाने मध्येच सांगून टाकलं, "बहिणीचं लग्न रोज येतं का? सावकाश जा. काही घाई नाही." वर त्याच्याबरोबर नवरीसाठी साडी दिली. मी मूग गिळून गप्प बसलो. मन मोठं आहे तिचं, पण अशाने कामाचं घोंगडं भिजत पडतं.

तिची गैरसोय मलाच बघवत नाही. आज दुपारी बाहेर आलो तर भरताचं वांगं भाजून झालं होतं आणि नीलमबेन खुर्ची टाकून बसल्या होत्या. शैला त्यांना भरली वांगी शिकवतेय आणि त्या हिला हांडवो. "शैलाबेन, तुमच्या हाताला चव हाय हां," असं त्यांचं मराठी. गल्लीतून जाणारा पोस्टमनसुद्धा थांबून वास घेऊन गेला. या गर्दीत बिचारीला स्वयंपाक कसा सुचतो, देव जाणे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चंदन परतला. ओटा घातला. सुरेख काळा ग्रॅनाइट. मी हात फिरवून पाहिला आणि शैलाला बोलावलं.

ती ओट्यापाशी उभी राहिली, कोपर टेकून पाहिलं आणि म्हणाली, "उंच झालाय. खांदे भरून येतील."

मापं तिचीच घेतली होती. मी स्वतः टेप धरली होती. चंदनने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आंटी बोलते तर उंच असेल." ओटा फोडला. चंदनच्या चेहऱ्यावर एवढं नुकसान होऊनही हसू होतं. असा कॉन्ट्रॅक्टर मिळायला भाग्य लागतं.

५ मार्च, बुधवार

घराला बाहेरून परांची बांधली आहे. जुना गिलावा खरवडून काढला, तेव्हा आतून तात्यांच्या वेळच्या विटा दिसल्या. मी थोडा वेळ बघत उभा राहिलो. पहिल्या पावसाळ्यात मिठागराच्या बांधावर पाणी चढलं आणि तात्या रात्रभर छत्री घेऊन याच भिंतीपाशी उभे होते, असं आई सांगायची. छत्रीने भिंत कशी वाचणार होती, हे तात्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

शैला मागून म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खिडकीतून मिठाचे ढीग दिसायचे. दुपारी डोळे दिपायचे. मिठागरातल्या बायका मला हाका मारायच्या."

मी म्हणालो, "आता तिथे कपाट किती सुरेख बसलंय ते बघ."

ती म्हणाली, "बघितलं."

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणपोळ्या व्हरांड्यात. मी सुचवलं होतं की यंदा विकतच्या आणू. शैलाने ऐकलं नाही. नीलमबेन लाटायला, फिलोमिना (तिच्या धर्मात होळी नाही, पण पुरणपोळी आहे असं तीच म्हणाली) पुरण वाटायला, टॉवरमधल्या दोनतीन बाया नुसत्याच गप्पांना. मला एकट्याला घरात बसवेना, म्हणून कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. फिलोमिना म्हणाली, "साहेब, तिकडं सरका. हवा आडवताय."

संध्याकाळी कुरियरवाला आला. विचारतो, "शैलाताईंचं घर हेच ना?" पाटीवर माझं नाव आहे. नव्या रंगाच्या गडबडीत पाटी झाकली गेली असावी. चंदनला सांगायला हवं.

१८ मार्च, मंगळवार

शैलाच्या गोळ्या संपल्या असतील म्हणून नव्या आणल्या. डबा उघडला तर जुन्या जशाच्या तशा! डिसेंबरातलं पाकीटच फोडलेलं नाही.

विचारलं तर म्हणाली, "विसरते हो. इतकी कामं असतात."

मग ही सुधारणा कशाने? बहुधा हवाबदल. फेब्रुवारी-मार्चची भाईंदरची हवा चांगली असते.

२२ मार्च, शनिवार

स्वयंपाकघर झालं! टाइल्स, ओटा (बेतशीर उंचीचा), चिमणी, दिवे. सगळे दिवे लावले की ऑपरेशन थिएटरसारखं लख्ख होतं. घर बाहेरून फिक्या पिवळ्या रंगाचं, कडांना तपकिरी पट्टा. गल्लीतले लोक थांबून बघतात.

आता हत्ती गेला, शेपूट राहिलं. व्हरांड्याच्या काचा. नयानगरचा रोशन मापं घेऊन गेला. माझ्याकडे वळून म्हणाला, "अंकल, ये चूल्हा हटाना पडेगा." मी म्हटलं, हटणारच. पाडव्याला नव्या ओट्यावर दूध उतू घालू आणि शेगडी आत नेऊ. सोमवारी ईद आहे म्हणून तो मंगळवारी येणार.

शैला तेव्हा भाजी चिरत होती. तिचं बोट कापलं. थोडंसंच. तिने पाण्याखाली धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

२७ मार्च, गुरुवार

शैला परत कमी बोलायला लागली आहे. आजपासून गोळी मी स्वतः समोर बसून देणार.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी गुढी उभारली. जितेंद्र आणि सूनबाई ममता पुण्याहून पहाटेच निघून आले होते. नीलमबेन, नवा शर्ट घातलेला चंदन आणि फिलोमिना यांनाही बोलावलं होतं. नव्या घरात, नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं ही आपली रीत. ते जिथे उतू जातं, तिथे घरातली चूल. मी सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि दोन शब्द बोललो. नियोजनाचं महत्त्व सांगितलं. चिमणी हाताच्या इशाऱ्याने कशी सुरू होते ते दाखवलं. ममताने तेवढ्यात एक ड्रॉवर चारपाच वेळा उघडून मिटून पाहिला.

दुधाचं पातेलं शैलाच्या हातात होतं. "आलेच," म्हणून ती बाहेर गेली. वाटलं, हळदकुंकू आणायला गेली. मागोमाग फिलोमिनाही गेली.

आम्ही थांबलो. मी ग्रॅनाइटची माहिती दिली. चंदन खाली मान घालून उभा होता. मग समोरून वास आला. दूध उतू गेल्याचा, करपण्याच्या बेतातला वास.

धावत व्हरांड्यात गेलो. लोखंडी टेबलावरच्या शेगडीवर दूध फसफसून चारी अंगांनी ओघळत होतं. शैला समोर हात जोडून उभी. फिलोमिना टाळ्या पिटत होती, "गेलं गो बाय, उतू गेलं!"

मी म्हणालो, "शैला, हे काय? दूध आतल्या ओट्यावर घालायचं होतं!"

तिने गॅस बंद केला. म्हणाली, "जिथे माझी चूल, तिथे घातलं."

"अगं पण चूल आत आहे."

"आत तुमचं स्वयंपाकघर आहे. छान आहे. मला तिथे परत जायचं नाही." ती थांबली नाही. "मिठागरं होती तोवर त्या खिडकीशी माझं निभत होतं. मग भिंत आली. भिंतीशी काय बोलू मी? दिवसेंदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. तुम्ही म्हणायचात, शांतता आहे. इथे उभी राहिले तर चार माणसं हाक मारतात, मी चौघांना उत्तर देते. मी जिवंत आहे असं वाटतं हो मला इथे. मंगळवारी तुमच्या काचा लागल्या की मी परत मुकी."

 जितेंद्र आईकडे नुसता बघत राहिला.

"मग आधी बोलायचं नाही का?" मी विचारलं.

"बोलले की. पहिल्याच दिवशी. तुम्ही मांजरांचं कारण सांगितलंत. मग काय करणार? ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. टाइल्स नाकारल्या, ओटा फोडायला लावला, चंदनला गावी धाडलं. जेवढे दिवस मिळतील तेवढे."

चंदन म्हणाला, "अंकल, आंटी बोलली होती, जल्दी मत करो. मी काय बोलणार?"

म्हणजे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मीच एकटा राहिलो होतो.

दुधात साखर घालून ममताने सगळ्यांना वाटलं. मी घेतलं नाही. मला राग आला आहे. एवढं केलं कोणासाठी?

३१ मार्च, सोमवार

जितेंद्र आणि ममता सकाळी परत गेले. निघताना जितेंद्र म्हणाला, "बाबा, नकाशात चुकलं माझं. आईला विचारायला हवं होतं." मी म्हणालो, "मी विचारलं होतं. ती उजेड म्हणाली, मी दिवे लावले."

राग होताच. म्हटलं, तिला नको तर नको, मी वापरेन. दुपारी स्वतः चहा करायला आत गेलो. दिवे लावले. भर दुपारी लावावे लागले. पाणी ठेवलं. "साखर कुठे आहे गं?" असं सवयीने विचारलं. आवाज टाइल्सवर आपटून माझ्याकडेच परत आला.

पुढून हसण्याबोलण्याचा गलका येत होता, दूरच्या लग्नघरातून यावा तसा. कशावर हसतायत ते कळत नव्हतं. मी चिमणी लावली, मग बंद केली. ड्रॉवर उघडला, तो आपोआप मिटला. समोर कपाट. पाणी उकळायलासुद्धा किती वेळ लागतो!

मला तिथे करमेना. खरं सांगायचं तर रडू आलं. ती इथे एवढी वर्षं कशी उभी राहिली?

चहा न करताच गॅस बंद केला.

१ एप्रिल, मंगळवार

रोशन टेम्पोत काचा घालून आला. हातात शीरखुर्म्याचा डबा. शैला थालीपीठ थापत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टेबलावरची भांडी मात्र तिने आधीच आवरून एका टोपलीत भरून ठेवली होती.

मी रोशनला म्हटलं, "काचा परत ने बाबा. माझं माप चुकलं."

"चुकलं कसं अंकल? मी स्वतः घेतलं."

"तुझं बरोबर आहे. माझं चुकलं. त्यापेक्षा इथे पावसासाठी मोठी पत्र्याची छपरी करून दे, झड आत येणार नाही अशी. आणि या टेबलाच्या जागी पक्का ओटा घालायचाय, तो चंदन घालेल. उंची शैला सांगेल."

रोशन मान हलवत माप घ्यायला लागला. शैलाचा हात तव्यावर थांबला होता.

"आणि मागची खोली?" तिने विचारलं. "एवढी नवी केलीत ती?"

"भांडी घासू, डबे ठेवू. मी पेपर वाचत बसेन."

"करमेल तुम्हाला तिथे?"

"नाही," मी म्हणालो. "काल पाच मिनिटं नाही करमलं."

 पदराने डोळे पुसून ती टोपलीतलं एकेक भांडं काढून परत टेबलावर मांडायला लागली. मी तिथेच उभा. थालीपीठ करपलं, तरी तिला ते कळलं नाही आणि मलाही नाही.

तेवढ्यात फिलोमिना आली. डोक्यावर पाटी, कमरेवर हात. माझ्याकडे आणि टेम्पोत परत चढणाऱ्या काचांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "साहेब, नुस्तं उभं काय ऱ्हायलाव? पाटी उतरवाया हात लावा की."

लावला.